मत्स्यतेल : गलबतापासून मळ्यापर्यंत

सुवासिक तेलांचा इतिहास सांगणाऱ्या वक्त्याला श्रोते मिळवावे लागत नाहीत. चंदन, केवडा, वाळा ही नावे नुसती उच्चारली तरी सभागृहाची वृत्ती प्रसन्न होते. आज आम्ही ज्या तेलाची हकीकत सांगणार आहोत, त्याच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. मासळीचे तेल म्हणताच पुष्कळांना लहानपणी नाक दाबून घशाखाली उतरवलेला एक चमचा आठवतो, आणि ज्यांना तो आठवत नाही त्यांनाही रुमाल काढावासा वाटतो. परंतु समुद्र ओलांडणारी गलबते, कातडी कमावणारे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या, कॉफीचे मळे, मुलांचे दवाखाने आणि रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळा इतक्या ठिकाणी ज्याने आपले काम बजावले, असे दुसरे तेल सहसा सापडणार नाही. ज्या गुणामुळे ते नकोसे होते, त्याच गुणामुळे ते हवेसेही झाले, हा ह्या हकीकतीतला मौजेचा भाग आहे. तेव्हा प्रथम तेवढे समजून घेतले पाहिजे.

आरंभी एक खुलासा. देवमासा हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. त्याच्या तेलाचा इतिहास वेगळा आणि फार रक्तरंजित आहे. तो आज बाजूला ठेवू. खऱ्या मासळीचे तेल दोन जागांतून निघते. तारलीसारख्या माशांच्या अंगातच चरबी साठलेली असते; कॉड किंवा मुशी ह्यांच्या मांसात ती फारशी नसते, सगळी यकृतात असते. पहिल्याला अंगतेल म्हणावे, दुसऱ्याला यकृततेल.

आता त्या गुणाकडे वळू. कोणत्याही तेलाचा रेणू म्हणजे कर्बाच्या अणूंच्या लांब साखळ्या. तुपात ह्या साखळ्या बहुतेक भरलेल्या, तृप्त असतात; म्हणून तूप थिजते आणि बराच काळ टिकते. जवसाच्या तेलातील मुख्य साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात, म्हणजे तीन जागा प्राणवायूला ओढून घेण्यास मोकळ्या असतात. म्हणूनच जवसाचे तेल उघड्यावर वाळते आणि त्याचा रंग होतो. मासळीच्या तेलातील काही साखळ्यांत अशा पाच-पाच, सहा-सहा जागा असतात. त्यामुळे ते थंडीतही पातळ राहते, थंड पाण्यात फिरणाऱ्या जिवाला त्याची गरजच असते. आणि हवेत येताच ते अधाशासारखे प्राणवायू घेऊ लागते. घेता घेता ते दाट होते, त्याचा पापुद्रा धरतो, आणि त्याच वेळी त्याचे तुकडे पडून तो प्रसिद्ध वास सुटतो. वास आणि गुण एकाच घरचे. एकाला घालवून दुसऱ्याला ठेवावे कसे, हाच प्रश्न माणसाने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतींनी सोडवला.

सर्वांत जुनी रीत म्हणजे प्रश्न न सोडवणे. दर्यावर्दी माणसाला वासाशी कर्तव्य नव्हते. त्याला फळ्या मऊ राहायला हव्या होत्या आणि सांधे पाण्याला बंद हवे होते. अंदलुसियातून मक्केच्या यात्रेस निघालेला इब्न जुबैर ११८३ साली तांबड्या समुद्राच्या काठी ऐधाब बंदरात आला. तेथील नावा त्याने बारकाईने पाहिल्या. त्यांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या नसून नारळाच्या काथ्याने शिवलेल्या होत्या, आणि शिवून झाल्यावर त्यांना तूप, एरंडेल किंवा मुशीचे तेल चोपडत. त्यांत मुशीचे तेल उत्तम समजत. कारणही तो देतो: त्या समुद्रात खडक फार, लाकूड लवचीक राहिले तर आपटूनही नाव वाचते. पुढे शंभरएक वर्षांनी मार्को पोलोनेही होरमुझच्या शिवलेल्या नावांना मासळीचे तेल चोळतात असे नमूद केले. त्याला त्या नावा मुळीच आवडल्या नाहीत, ही गोष्ट निराळी. हे काथ्याचे ज्ञान आणि तेलाचे ज्ञान एकाच वाऱ्यावर आपल्या किनाऱ्यावरही फिरले. कोकण, गोवा, सौराष्ट्र येथे लाकडी होड्यांना मासळीचे तेल देण्याची चाल कालपरवापर्यंत होती. एका हाताने एकावर एक घड्या द्याव्यात तसे तेलाचे हात चढत. प्रत्येक हात हवेतला प्राणवायू घेऊन वाळे आणि फळीवर एक चिवट कवच धरी. ज्याला आपण आज रंगाचे रसायनशास्त्र म्हणतो ते नाखव्याला ठाऊक होते. फक्त त्याच्याजवळ त्याची परिभाषा नव्हती.

ह्या चालीची एक बाजू मात्र सुखाची नाही. समुद्रातला सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. तो देवमासा नव्हे, मुशीच्याच कुळातला, पण अगदी निरुपद्रवी. तोंड उघडून सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्या प्रचंड यकृतातील तेल सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होड्यांना लावीत. गरजेपुरता एखादा मासा मारला जाई तोवर कोणाच्या लक्षात आले नाही. परंतु पुढे त्याच्या मांसाला आणि परांना परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि वेरावळच्या बाजूला त्याची कत्तल सुरू झाली. अखेर २००१ साली भारत सरकारने त्याला वन्यजीव कायद्याचे पूर्ण संरक्षण दिले. त्यानंतर गुजरातच्या मच्छीमारांनी जाळ्यात सापडलेले मासे स्वतःची जाळी कापून समुद्रात परत सोडले आहेत, हे त्यांच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे.

आता आपण दक्षिणेकडे, मलबारच्या किनाऱ्याकडे वळू. कारण हिंदुस्थानात मत्स्यतेलाचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो तेथे. ज्या माशाला आपण तारली म्हणतो त्याला मलबारात मत्ती किंवा चाळा म्हणतात. वीतभर लांबीचा हा मासा पावसाळा संपता संपता किनाऱ्याजवळ थव्यांनी येतो. ह्या दिवसांत समुद्रात काचेसारख्या कवचाच्या सूक्ष्म वनस्पती माजलेल्या असतात. त्यांतील एका विशिष्ट जातीचा भर आला की तारलीही भरपूर येते, असे १९५५ साली आर. व्ही. नायर आणि आर. सुब्रह्मण्यन ह्यांनी दाखवून दिले. ते खाऊन तारली इतकी माजते की तव्यावर टाकली तर वेगळे तेल घालावे लागत नाही. मासळीच्या तेलातील त्या बहुबंधी साखळ्यांची मूळ घडण मासा करीतच नाही; त्या ह्या वनस्पतींनी घडवलेल्या असतात. मासा केवळ त्यांचा कोठीवाला.

एका दिवशी समुद्र रिकामा आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर चांदीचे ढीग, असा तारलीचा खाक्या. हे ढीग खाऊन संपत नसत, मीठ महाग असल्यामुळे खारवून संपत नसत. मग उरलेली मासळी नारळाच्या बुंध्याशी खत म्हणून जाई, किंवा जुन्या होड्यांत टाकून उन्हात कुजू देत. कुजून वर आलेले तेल काढून घेत. ते काळपट, आंबट आणि असह्य वासाचे असे. तरी ते विकले जाई, युरोपातही जाई. पण हलक्यातले हलके म्हणून, आणि कोळ्याच्या हाती पडे ते नाममात्र.

ही स्थिती पालटण्यास कारण झालेला माणूस महाराष्ट्राला अगदीच परका नाही, जरी त्याचे नाव आपण विसरलो असलो. सर फ्रेडरिक निकल्सन हे मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. शेतकऱ्याला सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी जर्मनीतल्या रायफायझनच्या पतपेढ्यांचा अभ्यास करून त्यांनी १८९५ आणि १८९७ साली दोन खंडांचा अहवाल लिहिला, आणि १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा होण्यामागे तो अहवाल होता. सहकाराच्या ज्या वृक्षाखाली आपल्या प्रांतातील गावेच्या गावे वसली, त्याच्या बीजाशी ह्या गृहस्थांचा संबंध आहे. शेतकऱ्यांकडून हे गृहस्थ कोळ्यांकडे वळले. वय साठीला आलेले, नोकरी संपलेली. तरी १९०५ साली मद्रास सरकारने मत्स्यव्यवसायाची पाहणी त्यांच्याकडे सोपवली तेव्हा त्यांनी ती उत्साहाने पत्करली. ते जपानला गेले, तेथे तारलीच्याच कुळातील माशांपासून तेल आणि खत कसे करतात ते पाहिले, आणि १९०७ साली जपानच्या मत्स्यव्यवसायावर टिपण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासचे मत्स्यखाते निघाले.

त्यांनी मलबारात, मुख्यतः तानूर येथे, जे करून दाखवले ते इतके साधे आहे की त्याला शोध म्हणावयास जीभ रेटत नाही. मासळी कुजू द्यावयाची नाही. होडीतून उतरली की उघड्या कढईत पाण्यात उकळायची, काथ्याच्या पिशव्यांत भरायची, मळसूत्री दाबाखाली दाबायची. तेल आणि पाणी एका टाकीत उतरते. तेल वर येते, ते काढून घ्यावयाचे. पिशवीत उरलेला चोथा वाळवला की नत्र आणि स्फुरद ह्यांनी भरलेले, पोत्यात घालून कोठेही पाठवता येईल असे खत तयार. आधीच्या रीतीत तेल बिघडे आणि खत मातीत मिसळून वाया जाई. ह्या रीतीत दोन्ही हाती लागले. एवढे भांडवल एखाद्या कोळ्याला नाही तर चार जणांना मिळून झेपण्यासारखे होते. निकल्सनसाहेबांनी मुद्दामच मोठी वाफेची यंत्रे आणली नाहीत, आणि आमच्या मते त्यांच्या शहाणपणाची खूण तीच. थोड्याच वर्षांत मलबार आणि दक्षिण कानडा ह्यांच्या किनाऱ्यावर असे शेकडो लहान कारखाने उभे राहिले.

ह्या स्वच्छ तेलाला वाटा फुटल्या. कातडी कमावणाऱ्यांना ते हवेच होते. भिजवून, साल लावून कमावलेले कातडे वाळले की पत्र्यासारखे कडक होते. त्याच्या धाग्यांत तेल मुरले तरच ते वाकते. मासळीचे तेल धाग्यांत शिरून तेथेच हवेने घट्ट होते, धुतल्याने निघत नाही. काच पुसण्याचे जे मऊ पिवळसर कातडे मिळते ते तर दुसऱ्या कशाने नव्हे, मासळीच्या तेलानेच कमावतात. गंधकाम्लाची प्रक्रिया करून पाण्यात मिसळेल असे केलेले मत्स्यतेल चामड्याच्या धंद्यात पुढेही टिकून राहिले. पोलादाला पाणी देण्यासाठीही हे तेल वापरीत. तापलेले पोलाद पाण्यात बुडवले तर एकदम निवून तडकते. तेलात बुडवले तर बेताने निवते. खनिज तेले स्वस्त झाली तसा हा उपयोग मागे पडला. रंगाच्या धंद्यात तर एक दर्यावर्दी गोष्ट सांगतात. रॉबर्ट फर्ग्युसन नावाच्या स्कॉटिश कप्तानाच्या लक्षात आले की गंजलेल्या डेकवर जेथे मासळीचे तेल सांडले आहे तेथे गंज पुढे सरकत नाही. त्यावरून त्याने गंजरोधक रंग तयार केला आणि १९२१ साली अमेरिकेत 'रस्टोलियम' ही कंपनी काढली. इब्न जुबैरने लाकडावर पाहिलेला पापुद्रा कप्तानाला लोखंडावर दिसला.

आमच्या दृष्टीने सर्वांत रंजक वाट साबणाची. तानूरच्या तेलाचा वास घालवून त्याचा साबण करता येईल का, ह्याचे प्रयोग मत्स्यखात्याने चालवले. त्यातूनच १९१४ साली कालिकतला सरकारी साबण कारखाना निघाला, जो पुढे केरळ साबण म्हणून नावारूपाला आला. अंगाला लावायच्या साबणात मासळीच्या तेलाची डाळ शिजली नाही. तेथे खोबरेल श्रेष्ठ ठरले. परंतु वासाच्या साबणाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, ज्याला नाक नव्हते: झाड! दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांत हिरव्या खवले किडीने थैमान घातले होते. ही कीड पानाला चिकटून रस शोषते आणि अंगावर मेणाचे पांघरूण घेऊन बसते. पाण्यातून दिलेले औषध त्या मेणावरून ओघळून जाते. साबण मेण भिजवतो, किडीच्या अंगावर पसरतो आणि तिची श्वासाची छिद्रे बुजवतो. मत्स्यतेलाचा साबण पाण्यात मिसळून मळ्यांत फवारू लागले. अमेरिकेत शिशाचे विषारी औषध पानावर धरून राहावे म्हणून त्यात मासळीचे तेल मिसळीत, तोही त्याच्या वाळण्याच्या गुणाचाच उपयोग.

ह्या साबणाला कोणी इतिहासजमा समजू नये. चीड वृक्षाच्या डिंकातून निघणारी राळ आणि मासळीचे तेल ह्यांचा 'फिश ऑइल रोझिन सोप' आजही शेती औषधांच्या दुकानात मिळतो. द्राक्ष, डाळिंब, सीताफळ, पेरू ह्यांवरच्या पिठ्या ढेकणावर एकट्या कीटकनाशकाचे फारसे चालत नाही, कारण त्याच्याही अंगावर मेणाचे पीठ असते. तेव्हा बुरशीजन्य औषधाबरोबर किंवा स्वतंत्रपणे हा साबण वापरण्याची शिफारस आपल्या बागाईतदारांना केली जाते. नाशिक-सांगलीकडच्या ज्या बागाईतदाराने समुद्र क्वचितच पाहिला असेल, त्याच्या फवाऱ्याच्या टाकीत असा समुद्राचा अंश येऊन पडतो. निर्यातीच्या द्राक्षावर विषाचा अंश किती राहिला हे प्रयोगशाळा मोजते. साबणाने ती धास्ती नसते, हे त्याच्या टिकून राहण्याचे एक कारण आहे.

आता यकृततेलाकडे वळू. कारण विज्ञानात मासळीच्या तेलाने जे केले ते अंगतेलाने नव्हे, यकृततेलाने केले. उत्तर युरोपातील कोळी कॉडचे यकृततेल कधीपासून पोटात घेत होते ते सांगणे कठीण; पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या रुग्णालयात ते संधिवातावर दिले जात होते. त्याच्या वासाने रुग्ण कंटाळत, आणि कंटाळणे योग्यच होते. कारण यकृते पिपांत भरून कुजू देत आणि सुटेल ते तेल घेत. मलबारातल्या होडीत आणि नॉर्वेतल्या पिपात चालले होते ते एकच. १८५३ च्या सुमारास पेटर म्योलर ह्या नॉर्वेच्या औषधविक्रेत्याने ताज्या यकृतांना वाफ देऊन फिकट, सौम्य तेल काढले. निकल्सनच्या आधी अर्ध्या शतकापूर्वी तोच धडा: समुद्र आणि कढई ह्यांच्यामधला वेळ कमी करा.

हे तेल मुडदुसावर गुणकारी आहे असे फ्रान्समधील त्रुसोसारखे वैद्य एकोणिसाव्या शतकात सांगत होते. पण पुष्कळांना ती गावठी समजूत वाटे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले सिंहाचे छावे पाय वाकून मरत असत. १८८० नंतरच्या दशकात जॉन ब्लंड-सटन ह्या शल्यवैद्याने त्यांच्या हाडाविना घोड्याच्या मांसाच्या जेवणात कुटलेली हाडे, दूध आणि कॉडचे तेल घालावयास सांगितले. तीन महिन्यांत छावे उभे राहिले. गुण हाडांचा की तेलाचा? त्या वेळी कोणी वेगळे करून पाहिले नाही. ते काम पहिल्या महायुद्धानंतर झाले. एडवर्ड मेलनबी ह्यांनी १९१८-१९ मध्ये कुत्र्यांच्या पिलांना अन्नातूनच मुडदूस आणून दाखवला आणि कॉडच्या तेलाने तो बरा केला. त्यांना वाटले, हे 'अ' जीवनसत्त्वाचे काम असावे. अमेरिकेत एल्मर मॅकॉलम ह्यांनी १९२२ साली ते तेल तापवून त्यातून हवा सोडली. प्राणवायूने 'अ' जीवनसत्त्व नष्ट झाले. ते तेल आता डोळ्यांचा विकार बरा करीना. परंतु मुडदूस मात्र पूर्वीप्रमाणेच बरा करी. म्हणजे त्यात आणखी काहीतरी आहे! त्या काहीतरीला 'ड' हे नाव मिळाले. प्राणवायू घेऊन बिघडणे हा त्या तेलाचा दोष. मॅकॉलमने त्या दोषालाच कामाला लावून एकात गुंतलेली दोन जीवनसत्त्वे वेगळी केली. प्रयोगातला साधेपणा आणि युक्ती ह्यांचा असा मेळ आमच्या वाचनात फार थोडा आला आहे.

एप्रिल १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत शिरल्या आणि कॉडचे तेल जगाला मिळेनासे झाले. येथे हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची मुशी पुढे आली. जिला आपण मालवणकडे मोरी म्हणतो, तिच्या जातीतल्या कित्येक माशांच्या यकृतात 'अ' जीवनसत्त्व कॉडहूनही अधिक असल्याचे आढळले. मद्रास, मुंबई आणि त्रावणकोर येथील सरकारांनी मुशीच्या यकृताचे तेल काढण्यास सुरुवात केली. बडोद्याच्या अलेंबिक कारखान्याचे 'शार्कोफेरॉल' ज्यांनी चाटले आहे त्यांनी ह्या इतिहासाची चव घेतलेली आहे. आणि येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुशीच्या तेलात 'ड' जीवनसत्त्व कमी. युरोपीय वैद्याला हा उणेपणा वाटला असता. पण उन्हाच्या ह्या देशात 'ड' ची उणीव त्या मानाने कमी होती, आणि 'अ' च्या अभावी आधी रातांधळेपणा आणि मग बुबुळ वितळून कायमचे अंधत्व हे गरिबांच्या मुलांच्या कपाळी लिहिलेलेच असे. परक्या थंड समुद्रातल्या तेलापेक्षा घरचे तेल आपल्या दुखण्याला अधिक जुळणारे निघाले.

दुर्दैवाने हा धंदा फार टिकला नाही. १९४७ साली हॉफमान-ला रोश कंपनीत ऑटो इस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ' जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची कृती सिद्ध केली, आणि काही वर्षांत मुशीच्या यकृताचा भाव उतरला. १९७० साली भारत सरकारने मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची योजना काढली, ती ह्या कृत्रिम जीवनसत्त्वावरच. त्यात वाईट काही नाही. मुलांचे डोळे वाचले हेच महत्त्वाचे. मुशीलाही हायसे वाटले असेल! पण ते तिच्या कपाळी फार काळ नव्हते. तिच्या यकृतातील स्क्वालीन नावाचा पदार्थ जपानच्या मित्सुमारु त्सुजिमोतो ह्यांनी १९०६ साली शोधला होता. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल तयार होताना ह्याच स्क्वालीनची पायरी लागते हे पुढे सिद्ध झाले, आणि त्या संशोधनाबद्दल कोनराड ब्लोख ह्यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. प्रसाधनांना स्क्वालीन लागू लागले. १९९७ साली इटलीत वृद्धांसाठी निघालेल्या फ्लूच्या लशीत लशीचा जोर वाढवण्यासाठी ते घातले गेले. मुशीला पुन्हा गिऱ्हाईक लाभले.

अंगतेलाचीही एक नवी कीर्ती झाली. १९७० च्या सुमारास डेन्मार्कचे बांग आणि डायरबर्ग ग्रीनलंडच्या एस्किमो लोकांचे रक्त तपासून आले, आणि इतकी चरबी खाऊनही त्यांच्या रक्तातील मेद बेताचा कसा, ह्याचे उत्तर त्यांना समुद्री जीवांच्या त्या बहुबंधी साखळ्यांत दिसले. तेव्हापासून 'ओमेगा-३' हा शब्द औषधांच्या दुकानात शिरला. शाकाहारी घरांतही त्या पिवळ्या गोळ्या आल्या. जिलेटिनच्या आवरणाआड वास दडला की धर्मही दडतो, असा आमचा अनुभव आहे. गोळ्यांचा गवगवा मात्र शास्त्रापेक्षा पुढे धावला. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा गोळीने कर्करोग किंवा हृदयविकाराचे मोठे झटके एकंदरीत कमी झाल्याचे दिसले नाही. तारली ताटात असेल तर गोळीची घाई करण्याचे कारण नाही.

तारली ताटात असेल तर, असे आम्ही म्हटले. कारण हाच ह्या हकीकतीतला खरा तंटा आहे. मासळीचा एक ढीग माणसाने खावा की कढईत जावा? निकल्सनच्या काळी उत्तर सोपे होते: जे खाऊन आणि खारवून उरते, आणि एरवी कुजणारच आहे, ते कढईत जावे. पण कढई एकदा चुलीवर चढली की ती उरलेल्याची वाट पाहत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९३६-३७ च्या हंगामात सात लाख टनांहून अधिक सार्डिन धरले. त्यातले बहुतेक माणसाच्या तोंडी न जाता तेल आणि खाद्य होण्यासाठी कारखान्यांत गेले. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तो मासा जवळजवळ दिसेनासा झाला आणि माँटेरेचे कारखाने ओस पडले. पेरूच्या अँचोवीची पकड १९७० साली सव्वाकोटी टनांच्या घरात होती. १९७२ मध्ये समुद्र तापला, आणि १९७३ साली ती वीस लाख टनांच्या आसपास उतरली. समुद्राची लहर आणि माणसाची हाव एकाच वेळी आली की काय होते, ह्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

मलबारने हे ह्या दोघांच्या मध्येच पाहिले होते. १९४० नंतर तारली अचानक कमी झाली. मद्रास सरकारने १९४३ साली पिलांची पकड आणि बारीक आसाची जाळी ह्यांवर निर्बंध घातले. ते पाळले जाणे अवघड गेले आणि काही वर्षांत उठवावे लागले. तोपर्यंत किनाऱ्यावरच्या बहुतेक कढया थंड झाल्या होत्या. मासा हवामानामुळे गेला की जाळ्यांमुळे, ह्याविषयी पंडितांचा वाद तेव्हाही होता, आजही आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे दोहोंनी हात लावला असावा. निसर्गाने पाठ फिरवली असता पिलेही उचलून नेणाऱ्याला निर्दोष म्हणता येत नाही.

मासा पुढे परत आला, तसे कारखानेही परत आले. पण ते चार कोळ्यांच्या कढईचे नव्हेत. हल्ली जगात वर्षाला दहा लाख टनांच्या आगेमागे मत्स्यतेल निघते आणि त्याचा मोठा हिस्सा पाळीव माशांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जातो. नॉर्वेत पाळलेला सामन गुणकारी व्हावा म्हणून दुसऱ्या समुद्रातील लहान मासा उकळला जातो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील खाद्य आणि तेल काढणाऱ्या गिरण्यांना तर तारली हाच कच्चा माल. गिरणीला मासा ताजा लागतो, पण मोठा लागतो असे नाही; बाजारात कोणी हात न लावणारी बोटभर पिलेही तेथे वजनावर जातात. केरळात २०१२ साली सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली. २०२१ साली ती ३,२९७ टनांवर आली, असे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे आहेत. ज्या माशाला केरळातला मजूर आपले रोजचे कालवण समजे, तो त्या वर्षांत त्याच्या हाती येईना. ओमानहून आणलेली तारली बाजारात बसू लागली.

त्यानंतर तारली पुन्हा वाढली आहे. मध्यंतरी २०१५ साली केरळ सरकारने किती लांबीच्या आतला मासा धरू नये ह्याचे नियम केले; तारलीसाठी ती मर्यादा दहा सेंटिमीटर ठरली. १९४३ सालच्या निर्बंधाचाच हा नवा अवतार, फक्त आता मापपट्टी घेऊन धक्क्यावर उभे राहणारे अधिक आहेत. महाराष्ट्रानेही २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी अशा किमान लांब्या ठरवून दिल्या. मासा धक्क्यावर उतरतो तेव्हा तो मोजता येतो. गिरणीच्या दारात टेम्पोतून ओतला जातो तेव्हा तो मोजणे अवघड असते, आणि उकळल्यानंतर तर त्याची लांबी कोणालाच सांगता येत नाही.